प्रश्न अनुशेषाचा, उत्तर मंत्र्यांचे

विधिमंडळाच्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांची जी यादी दररोज सदस्यांच्या हाती पडते, तिची भाषा वर्षानुवर्षे ठरून गेली आहे. 'हे खरे आहे काय?' असा प्रश्नाचा पहिला भाग, 'असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?' असा दुसरा आणि 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' असा शेवटचा. उत्तरेही तशीच ठरलेली असतात : 'होय', 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. मात्र एखाद्या प्रदेशावर किती पैसा खर्च झाला, असा प्रश्न आला की या चार उत्तरांनी भागत नाही. तेथे आकडा द्यावा लागतो. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातील निधिवाटपाचा वाद राज्याच्या स्थापनेपासून चालू आहे आणि त्या वादातील बहुतेक आकडे मंत्र्यांच्या उत्तरांतून वा त्यांच्या आधारे काढलेल्या अहवालांतूनच जनतेसमोर आले आहेत. त्यामुळे अशी उत्तरे कशी तयार होतात आणि ती कशी वाचावीत, हे जाणून घेणे केवळ आमदारांच्या सोयीचे नाही.

सभागृहात चुकीची माहिती देणे मंत्र्याला परवडणारे नसते. म्हणून उत्तरातील आकडा सहसा खोटा नसतो. परंतु खऱ्या आकड्यांपैकी कोणता द्यायचा, याची मुभा उत्तर देणाऱ्याकडे असते. प्रश्न सैल असेल तितकी ही मुभा वाढते.

प्रश्नाचे मार्ग

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. प्रश्नोत्तराच्या तासात पुकारले न गेलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरेही छापील स्वरूपातच सभागृहासमोर येतात. याखेरीज लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, विधानसभेत नियम २९३ आणि विधान परिषदेत नियम २६० अन्वये होणारी चर्चा, ही साधने सदस्यांच्या हाती असतात. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. राज्यसभेत ही संख्या अनुक्रमे १५ व १६० आहे.

आकड्यांच्या दृष्टीने या मार्गांत मोठा फरक आहे. तोंडी उत्तरात उपप्रश्नाने मंत्र्याला अडवता येते. पण जिल्हानिहाय तक्ता हवा असेल, तर तो लेखी उत्तरातच मिळू शकतो. 'विवरणपत्र सोबत जोडले आहे' हे वाक्य वर्तमानपत्राच्या बातमीत क्वचितच येते; मात्र अभ्यासकासाठी उत्तराचा खरा भाग तेथून सुरू होतो.

प्रश्न विधिमंडळ सचिवालयाकडून संबंधित विभागाकडे जातो. विभागातील कार्यासन तो आयुक्तालयाकडे वा संचालनालयाकडे पाठवते, तेथून जिल्ह्यांकडे विचारणा होते, आलेली माहिती एकत्र होते आणि सचिवांच्या मार्फत मंत्र्यांच्या मान्यतेला जाते. राज्याचा अर्थसंकल्प मागण्या आणि लेखाशीर्षे यांनुसार मांडलेला असतो, प्रदेशांनुसार नव्हे. 'मराठवाड्यावर एकूण किती खर्च झाला?' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच कोणत्याही एका फायलीत तयार नसते. ते जुळवावे लागते आणि जुळवताना अनेक निवडी कराव्या लागतात.

आकडा देण्याचे बंधन

प्रदेशनिहाय हिशेब मागण्याचा हक्क महाराष्ट्राला कोणा एका सरकारच्या मर्जीने मिळालेला नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे आणि यासंबंधीचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे कलम होते. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपूरला भरवण्याची तरतूदही याच करारातील. निधी किती मिळाला याइतकेच, त्याचा हिशेब सभागृहाला मिळाला पाहिजे, हे करार करणाऱ्यांना महत्त्वाचे वाटले होते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) ने या कल्पनेला घटनात्मक आधार दिला. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापणे, त्यांच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे आणि विकासखर्चासाठी निधीचे समन्यायी वाटप करणे, यांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवण्याची सोय त्यात आहे. २६ जुलै १९८४ रोजी विधिमंडळाने मंडळे स्थापण्याची शिफारस करणारा ठराव केला. प्रत्यक्षात ती १ मे १९९४ पासून अस्तित्वात आली. १५ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधिवाटपाबाबत सरकारला निर्देश दिले.

दोन समित्या, दोन आकडे

प्रादेशिक असमतोलाचा पहिला व्यापक हिशेब प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मांडला. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, त्या सरासरीखाली असलेले जिल्हे शोधायचे आणि त्यांना सरासरीपर्यंत आणण्यास किती खर्च येईल ते मोजायचे, ही तिची पद्धत. या खर्चालाच 'अनुशेष' हे नाव रूढ झाले. समितीच्या हिशेबाने एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा होता. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी रुपये होता.

विकास मंडळे आल्यानंतर राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ही तारीख पायाभूत धरून नव्याने मोजणी केली. तिच्यानुसार अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये झाला : विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी. विदर्भाचा हिस्सा ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ वरून २४ टक्क्यांवर आला.

या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. दरम्यानच्या दहा वर्षांत किमती वाढल्या, निर्देशांक बदलले, बांधकामाचे दर बदलले. तरीही सभागृहातील चर्चेत हे आकडे एकमेकांसमोर ठेवले जातात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९९४ चा अनुशेष ही एका तारखेला गोठवलेली रक्कम आहे. तिच्यातून दरवर्षीचा खर्च वजा करत गेल्यास कधीतरी शिल्लक शून्य होणारच. त्या तारखेनंतर इतर जिल्हे पुढे गेल्यामुळे निर्माण झालेली नवी तफावत या हिशेबात येत नाही. म्हणून 'अनुशेष दूर झाला आहे' हे मंत्र्यांचे विधान आणि 'आमचा जिल्हा अजून मागेच आहे' ही आमदाराची तक्रार, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

यातूनच आर्थिक आणि भौतिक अनुशेष हा भेद पुढे आला. सिंचनासाठी ठरवलेले रुपये खर्च झाले, पण तितके हेक्टर भिजले नाहीत, तर आर्थिक अनुशेष मिटतो व भौतिक अनुशेष उरतो. अमरावती, अकोला, वाशिम व बुलढाणा या चार जिल्ह्यांच्या सिंचनाबाबत नेमके हेच घडले. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द प्रकल्पाचे उदाहरण याच जातीचे आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचा मूळ खर्च ३७२ कोटी रुपये होता. तो पुढे हजारो कोटींवर गेला. खर्चाच्या रकान्यात ही सारी वाढ विदर्भाच्या नावावर जमा होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती निव्वळ दिरंगाईची किंमत असते.

तरतूद, वितरण आणि खर्च

अर्थसंकल्पात दाखवलेली रक्कम ही तरतूद. वर्षाच्या मध्यात ती सुधारित अंदाजात कमी होऊ शकते किंवा पुरवणी मागण्यांतून वाढू शकते. त्यानंतर वित्त विभागाच्या संमतीने ती 'बीम्स' या संगणकीय प्रणालीवर वितरित होते. वितरित रक्कम कोषागारातून काढली गेली की ती खर्ची पडली, असे समजले जाते. वर्षअखेरीस ती एखाद्या महामंडळाच्या किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात जाऊन पडली असेल, तर कागदावर खर्च झालेला असतो आणि जागेवर काम सुरूही झालेले नसते. उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेवर न येणे आणि मार्चअखेरीस खर्चाची घाई होणे, यांवर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आपल्या अहवालांतून वारंवार बोट ठेवत आले आहेत.

'या प्रदेशाला इतके कोटी देण्यात आले' या वाक्यातील 'देण्यात आले' याचा अर्थ वरीलपैकी कोणत्याही टप्प्याचा असू शकतो. सत्ताधारी पक्ष तरतुदीबद्दल बोलतो आणि विरोधी पक्ष खर्चाबद्दल, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. जाणते सदस्य त्यामुळे आपल्या प्रश्नातच चारही रकाने मागतात : तरतूद, सुधारित तरतूद, वितरित निधी आणि प्रत्यक्ष खर्च, तेही वर्षनिहाय व जिल्हानिहाय.

खर्च कोठे नोंदला जातो, हा आणखी एक पेच. मुंबईतील अधिदान व लेखा कार्यालयातून दिलेल्या देयकाचा माल गडचिरोलीच्या रुग्णालयात जाऊ शकतो. उलट, एखाद्या जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गाचा सारा खर्च त्या जिल्ह्याच्या नावावर चढतो, मग त्यावरून धावणारी वाहने कोणाचीही असोत. पैसा कोठे खर्च झाला आणि कोणासाठी खर्च झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राज्याचे लेखे सांभाळणारी महालेखापालांची दोन कार्यालये, मुंबईत व नागपुरात, असून विदर्भ व मराठवाड्यातील १९ जिल्हे नागपूर कार्यालयाकडे येतात. तरीही लेख्यांची ही विभागणी देयक कोठे काढले गेले ते सांगते. लाभ कोणाला झाला ते सांगत नाही.

भाजक कोणता घ्यायचा?

वाटा न्याय्य आहे की नाही, हे ठरवताना रकमेला कशाने भागायचे, यावर सारे अवलंबून असते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी असून तीत विदर्भाचा हिस्सा सुमारे २० टक्के, तर मराठवाड्याचा १७ टक्क्यांच्या आसपास आहे. क्षेत्रफळात मात्र विदर्भाचा हिस्सा सुमारे ३२ टक्के व मराठवाड्याचा २१ टक्के आहे. समजा, एखाद्या योजनेचा २५ टक्के निधी विदर्भाला मिळाला. लोकसंख्येच्या निकषावर तो वाट्याहून अधिक, क्षेत्रफळाच्या निकषावर कमी आणि १९९४ च्या अनुशेषाच्या निकषावर निम्म्याच्या जवळपास ठरतो. शाळांसाठी लोकसंख्या, रस्त्यांसाठी क्षेत्रफळ, सिंचनासाठी लागवडीखालील जमीन हा निकष तर्काला धरून आहे. एकाच निकषावर सर्व खर्च तोलणारे उत्तर, ते कोणत्याही बाजूचे असो, सावधपणे वाचले पाहिजे.

दरडोई खर्चाच्या आकड्यांना सध्या आणखी एक मर्यादा आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. जून २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा आहे. तोवर दरडोई आकडा २०११ च्या लोकसंख्येवर किंवा अंदाजित लोकसंख्येवर काढला जातो. स्थलांतर ज्या जिल्ह्यांतून होते आणि ज्यांकडे होते, त्या दोहोंचे चित्र त्यामुळे बिघडते.

एका दशांश टक्क्याचा वाद

आकड्याची व्याख्या किती महागात पडू शकते, याचे उदाहरण २०१२ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' प्रसिद्ध करते. २०११-१२ च्या पाहणीतील आकड्यांवरून सुमारे दशकभरात पिकांखालील एकूण क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्के एवढेच झाल्याचे दिसले. त्याच काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जात होते. इतक्या खर्चात वाढ ०.१ टक्का कशी, या प्रश्नाने राजकारण ढवळून निघाले. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी राजीनामा दिला. नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीस आलेल्या श्वेतपत्रिकेत सिंचनातील वाढ ५.१७ टक्के असल्याचे म्हटले होते. डिसेंबरमध्ये पवार पुन्हा त्या पदावर परतले.

दोन्ही आकडे सरकारीच होते. त्यांतील फरक कशाला सिंचन म्हणायचे यात होता. जलसंपदा विभाग निर्माण झालेली सिंचन क्षमता मोजतो, म्हणजे धरणात व कालव्यात किती क्षेत्र भिजवण्याची ताकद आली ते. पाहणीतील प्रमाण प्रत्यक्ष भिजलेल्या पिकांच्या क्षेत्राचे होते. कालवे अपुरे असले, पाऊस कमी झाला, पाणी उसाकडे किंवा शहरांकडे वळले, तर क्षमता वाढूनही भिजलेले क्षेत्र वाढत नाही. शिवाय विहिरींवरील सिंचनाची नोंद कशी होते, यावरही टक्केवारी हलते.

या वादातून व्याख्या पक्की होऊन आकडा नियमित प्रसिद्ध होणे अपेक्षित होते. झाले उलटेच. पुढील अनेक वर्षांच्या पाहणीत या टक्केवारीच्या जागी 'उपलब्ध नाही' अशी नोंद येऊ लागली. गैरसोयीचा आकडा चुकीचा आहे असे सिद्ध करण्यापेक्षा तो नसणे सोपे असते. ज्या प्रदेशांचे गाऱ्हाणेच पाण्याचे आहे, त्यांच्या हातातून मात्र यामुळे मुख्य पुरावा जातो.

दिल्लीतील उत्तरे

संसदेत राज्याच्या वाट्याचा प्रश्न बहुधा रेल्वेवर येतो. रेल्वे मंत्रालयाच्या उत्तरांत एक वाक्य ठरलेले आहे : प्रकल्प एकाहून अधिक राज्यांतून जाऊ शकत असल्याने ते राज्यनिहाय नव्हे, तर विभागीय रेल्वेनिहाय मंजूर केले जातात. त्याच उत्तरात पुढे 'पूर्णतः वा अंशतः' राज्यात येणाऱ्या प्रकल्पांची संख्या असते आणि राज्यासाठी केलेल्या तरतुदीची तुलनाही असते. महाराष्ट्राबाबत २००९ ते २०१४ या काळातील वार्षिक सरासरी १,१७१ कोटी रुपये आणि २०२४-२५ ची तरतूद १५,९४० कोटी रुपये, म्हणजे १३ पटींहून अधिक, असे हे आकडे होते.

वाढ मोठी आहे, याबद्दल शंका नाही. पण तुलना पाच वर्षांच्या सरासरीची एका वर्षाशी आहे. दोन्ही रकमा त्या त्या वर्षीच्या किमतींत आहेत. आणि त्याच काळात देशभरातील रेल्वेचा भांडवली खर्चही अनेक पटींनी वाढला आहे. राज्याला इतरांच्या तुलनेत अधिक मिळाले का, हे कळण्यासाठी देशाच्या एकूण तरतुदीतील राज्याचा टक्का दोन्ही काळांसाठी मागावा लागतो. राज्याचा आकडाही विदर्भ, मराठवाडा वा कोकणाचे काही सांगत नाही. त्यासाठी प्रकल्पाचे नाव घेऊनच प्रश्न विचारावा लागतो.

'अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही' हे दुसरे परिचित उत्तर. टाळेबंदीत मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांबाबत १४ सप्टेंबर २०२० रोजी श्रम मंत्रालयाने लोकसभेत हेच लेखी उत्तर दिले आणि त्यावर देशभर टीका झाली. अशा उत्तरात मंत्री खोटे बोललेले नसतात. माहिती न जमवण्याचा निर्णय कोणी व कधी घेतला, हा खरा पुढचा प्रश्न असतो आणि तो सहसा विचारायचा राहून जातो.

उत्तर अपुरे असेल तर

मंत्र्यांच्या उत्तरात चूक आढळल्यास सदस्य ती निदर्शनास आणू शकतात. लोकसभेत त्यासाठी अध्यक्षांचा निर्देश क्रमांक ११५ आहे. हेतुपुरस्सर दिशाभूल झाली असेल, तर विशेषाधिकार भंगाची सूचना देता येते. 'माहिती घेण्यात येत आहे' किंवा 'पटलावर ठेवण्यात येईल' असे म्हटले गेले असेल, तर ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोक लेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालांवरून विभागाच्या सचिवांना विचारणा करते. सामान्य नागरिकही २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली उत्तरामागील विवरणपत्रे मागू शकतो.

प्रदेशनिहाय खर्चाचे कोणतेही उत्तर वाचताना काही गोष्टी तपासल्या म्हणजे बरेचसे उलगडते. रक्कम तरतुदीची की खर्चाची? चालू किमतींत की स्थिर किमतींत? कोणत्या वर्षांची कोणत्या वर्षांशी तुलना केली आहे? वाटा लोकसंख्येने, क्षेत्रफळाने की गरजेने मोजला आहे? खर्चाबरोबर किलोमीटर, हेक्टर वा खाटा यांचा आकडा दिला आहे काय? आणि जे विचारले होते, त्याचेच उत्तर आले आहे काय?

मंडळांनंतरची पोकळी

डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने ऑक्टोबर २०१३ मध्ये संतुलित प्रादेशिक विकासाचा अहवाल दिला. तो डिसेंबर २०१४ मध्ये नागपूर अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवण्यात आला. तीनही विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. करोनामुळे २०२० व २०२१ ही दोन वर्षे हिवाळी अधिवेशनही नागपुरात भरले नाही.

मंडळांचे अधिकार मर्यादित होते, त्यांच्या शिफारशी अनेकदा पडून राहत, हे खरे. पण प्रत्येक प्रदेशासाठी दरवर्षी एक अहवाल विधानसभेपुढे आला पाहिजे, या बंधनाला त्यांच्यामुळे आधार होता. मुदत संपली आणि तो नियमित हिशेब खंडित झाला. अशा काळात सदस्यांनी विचारलेला नेमका प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेले लेखी उत्तर, हाच प्रदेशाच्या वाट्याचा अधिकृत पुरावा उरतो. १९५३ मध्ये करार करणाऱ्यांनी वार्षिक अहवालाचे कलम घातले, ते निधीच्या वाटपावर भरवसा ठेवायचा तर त्याचा आकडा समोर असावा म्हणून. तो आकडा मागत राहण्याचे काम आता प्रश्नोत्तराच्या तासाकडे आले आहे.